लिव्हर ढिली, नळी कोरी

अमरावतीत बंदुका दुरुस्त करणारे बुधाजी माणसांशी गोड बोलत, पण बंदुकीबाबत खोटं बोलत नसत. त्यामुळे त्यांची निम्मी गिऱ्हाइकं कायम रुसलेली असत आणि बंदूक अडली की मुकाट्याने परत येत.

एका सकाळी अकोल्याचे वकील बापूसाहेब नात जुईलीला घेऊन आले. सोबत परवाना आणि खोळीत बापूसाहेबांच्या आजोबांची शंभर वर्षांची विलायती लिव्हर रायफल. जुईली नेमबाज, रायफल आता तिच्या नावावर व्हायची होती. पण ती झाडता येईल की नुसती भिंतीवर टांगायची, हे बुधाजींनी सांगायचं होतं.

"आजोबांनी हिनंच बिबट्या पाडला," बापूसाहेब खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. "एका गोळीत!"

"पाडला असन," म्हणत बुधाजींनी आधी रायफल रिकामी असल्याची खात्री केली. मग गोळी चढवायची खालची लिव्हर हलवली. ती कुत्र्याच्या शेपटीसारखी डोलली. ती ज्या खिळीवर फिरते तिचं भोक झिजून लांबट झालं होतं. "अरे बापा! हजारो खेपा चालली हे."

"शिकारीच तेवढ्या!" बापूसाहेबांची छाती फुगली.

बुधाजींनी नळीच्या मागे पांढरा कागद धरून पुढून डोळा लावला. गोळीला फिरकी देणारे आतले पीळ धारदार, कोरे करकरीत. गोळीमागच्या ठोकळ्यावर बारुदाचा ठिपकासुद्धा नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक आता जाणार!

"वकीलसाहेब, इची लिव्हर कोन ओढते?"

"सगळेच! दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की सोनं द्यायला येणारा प्रत्येकजण एकदा खटखट करतो. आमच्याकडची रीतच आहे."

"मंग तिथंच झिजली. नळीतून कारखान्यातल्या चाचणीनंतर एकई गोळी गेली नाई."

बापूसाहेबांचा चेहरा हरलेल्या खटल्यासारखा झाला.

"मग बिबट्या?" जुईलीनं विचारलं.

"खटखट आयकूनच मेला असन बिचारा."

आधी जुईली फिसकन हसली. मग बापूसाहेबांचं पोट हललं आणि शेवटी मिशा. "बुधाजी, माझ्या आजोबांची उलटतपासणी करता?"

"बंदुकीची केली जी. साक्षीदार तेच हाये."

"पण काका, झाडता येईल का?" जुईलीचा जीव तिथेच अडकला होता.

बुधाजींनी मापाची खोटी गोळी घालून ठोकळा बंद केला. तो घट्ट बसला. "येईन न! खिळी नवी करतो, भोक भरतो. पन वकीलसाहेब, दसऱ्याले हात लावाचा नाई."

"मग लोकांना दाखवायचं काय?"

"फोटो."

परवाना जुईलीच्या नावावर झाल्यावर तिघं रेंजवर गेले. पहिली गोळी बुधाजींनी रायफल स्टँडला आवळून, लांबून दोरी ओढून झाडली. सगळं जागच्या जागी राहिलं. दुसरी जुईलीची. धाडकन आवाज झाला आणि मागे उभे असलेले बापूसाहेब टोपीसकट उडाले.

"अरे बापरे!" ते कान चोळत म्हणाले. "एवढा आवाज होतो हिचा?"

जुईलीनं लिव्हर ओढून पुढची गोळी चढवली. "आबा, कानांत बोटं घाला."

त्यांनी घातली. बुधाजींनीही.