शेवटच्या पानावरचा अभिप्राय

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दोनदा ओठांपर्यंत आलं — गिळलं. आज तुम्हांला सांगतो आहे. का, ते मलाही धड कळत नाही. वय झालं म्हणावं, तर वय होऊनही बरीच वर्षं झाली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नव्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. दिल्लीचं मंडळ प्राध्यापकांना संशोधनासाठी अनुदान देतं, असं आम्ही ऐकून होतो. पण अर्ज कसा लिहायचा, हे एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अर्ज लिहायला शिकवणारं चार दिवसांचं शिबिर भरवलं. नागपूरहून एक वयस्क प्राध्यापक शिकवायला आले. प्राचार्यांनी संयोजक मला केलं. इंग्रजीचा माणूस, घरी कापसाचं मोठं वावर, गावात वजन — दुसरं कोण होणार? असं तेव्हा मला खरंच वाटायचं.

शिबिरात इतिहासाचा प्रेमसिंग राठोड होता. बोरी अरबजवळच्या तांड्यातला, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. त्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. त्या वाटा कुठून जात, मुक्काम कुठे पडे, पाणी कुठे मिळे, हे सगळं ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता — त्याचा मामा लखू. पण बाजेवर बसवून विचारलं, तर म्हाताऱ्याला तिसऱ्या मुक्कामापुढचं काही आठवत नसे. चालायला लागला, की आठवे. गाणंही चालतानाच तोंडात येई. म्हणून प्रेमसिंगला पुढच्या हिवाळ्याची रजा हवी होती आणि आवाज टिपून घेणारं यंत्र. मामाचे पाय चालताहेत तोवर त्याच्याबरोबर ती वाट चालायची, एवढाच त्याचा अर्ज.

नागपूरच्या प्राध्यापकांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. म्हणाले, संशोधनाचा प्रश्न असा असतो. मग माझा अर्ज हातात घेतला, दोन पानं चाळली आणि म्हणाले, हे तर ग्रंथालयात बसून होईल, याला दिल्ली कशाला? सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि तेव्हा मनात काय आलं — तेही सांगूनच टाकतो. बैलांमागं हिंडणाऱ्यांच्या वाटा म्हणजे इतिहास? आणि तो लिहिणार कोण, हे लमाणाचं पोर? तोंडातून यातला शब्द काढला नाही. शिकलेली माणसं काढत नाहीत.

तिसऱ्या दिवशी एक सराव होता. छापील फॉर्म मोजकेच आले होते, त्यामुळे सराव खऱ्या फॉर्मवरच, पेन्सिलीनं. फॉर्मचं शेवटचं पान संस्थेच्या अभिप्रायाचं. आम्ही एकमेकांचे अर्ज घ्यायचे, दिल्लीतला सर्वांत खाष्ट परीक्षक आहोत असं समजायचं आणि त्या पानावर अर्जाची चिरफाड करायची. म्हणजे ज्याचा त्याला कच्चा दुवा कळेल. प्रेमसिंगचा अर्ज माझ्याकडे आला. मी लिहिलं, की अर्जदाराकडे एकही लेखी पुरावा नाही. सगळा भार ज्या एका वृद्धाच्या स्मरणावर आहे, तो त्याचा सख्खा मामा. त्यांची बोली तिसऱ्या कुणाला कळत नाही, म्हणून पडताळणी अशक्य. फार सुबक इंग्रजी होतं ते. मी मोठ्यानं वाचलं, तेव्हा सर्वांत जास्त हसला तो प्रेमसिंगच.

"बाप्पा, सर! तुमी त मले उभंच जाळलं! आता एकेकाचं उत्तर लिहून काढतो, पाहा."

आणि त्यानं लिहिलं. अर्ज आणखी भक्कम झाला.

शिबिर संपल्यावर ती पेन्सिलीतली पानं पुसून त्यांवर संस्थेचा खरा अभिप्राय लिहायचं काम माझं होतं. ते पान अर्जदाराला दाखवायचं नसतं, परभारे दिल्लीला जातं. मी बाकी सगळ्यांची पानं पुसली. त्याचं राहिलं. मुद्दाम ठेवलं का? देवाशपथ, ठाऊक नाही. पण पुढचं चांगलं ठाऊक आहे.

आमचे टंकलेखक वानखडे बाबू कागद घेऊन टेबलाशी आले.

"सर, हे राठोड सरायचं आखरीचं पान बी टाइप करू काय? पेन्सिलीचं हाये, म्हणून इचारून राह्यलो."

मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

"जसं आहे तसं करा," म्हणालो.

दुपारी टाइप केलेला कागद सहीला आला. म्हणजे आणखी एक संधी होती, नाही का? मी सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकरही घातली.

नकाराचं पत्र दोन ओळींचं होतं, कारण नव्हतं. माझाही अर्ज नामंजूर झाला. म्हणजे त्याचं वाटोळं करून माझ्या पदरात काही पडलं, असंही नाही. पत्र घेऊन प्रेमसिंग माझ्याच घरी आला.

"माह्यं इंग्रजी कच्चं पडलं, सर. मले शिकवसान काय?"

आणि मी शिकवलं! दोन वर्षं, दर रविवारी. त्याची बायको कधी हुरडा पाठवी, कधी बोरं; आम्ही ती खाल्ली. सुरुवातीला तो दारात दिसला, की मी त्याचा चेहरा निरखायचो — कळलं तर नाही ना? चोराच्या मनात चांदणं. मग तीही भीती गेली. मी मिठाची गुळणी धरून बसलो, आणि हळूहळू तेच सवयीचं झालं.

त्यानं पुन्हा अर्ज केला तोवर लखूचे पाय गेले होते. प्रेमसिंग बाजेशेजारी वही घेऊन बसायचा. म्हातारा तिसऱ्या मुक्कामापर्यंत यायचा आणि गप्प व्हायचा. त्याच उन्हाळ्यात तो वारला. प्रेमसिंगनं ती वही मला दाखवली. तीन मुक्काम लिहिलेले होते, पुढची पानं कोरी. त्यानंतर त्यानं संशोधनाचं नाव काढलं नाही.

काही वर्षांनी तांड्यातल्या मॅट्रिक झालेल्या मुलांचा सत्कार होता. प्रमुख पाहुणा मी. प्रेमसिंग बोलायला उभा राहिला.

"पोट्टेहो, आपल्या मानसायच्या वाटा माह्या कच्च्या इंग्रजीपायी गेल्या. तुमी तरी नीट शिका. हे सर बसले हायेत, ह्यायनं मले शिकवलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले. त्याचा तो पहिला अर्ज शिबिरात मीच ओळ न ओळ तपासला होता. त्यात इंग्रजीची एकही चूक नव्हती.