गाडी हवा घेतेय

चाळिशीपर्यंत पोपट मिस्त्री पेणच्या खाडीकाठी मिठागरावर होता. बांधातली गळती शोधणं हे त्याचं काम. खेकड्याचं बीळ पाण्याखाली दिसत नाही, म्हणून तो पाण्यावर मूठभर कोंडा टाकायचा आणि कोंडा कुठे ओढला जातो ते उकिडवा बसून बघत राहायचा. मिठागर बंद पडलं तसा तो रोह्याजवळ वरशाला आला आणि मेहुण्याच्या गॅरेजात लागला. पुढे गॅरेज त्याचं झालं, तोवर कंबर कामातून गेली होती.

शहाण्णव सालच्या त्या दुपारी जनूने व्हॅन आणली. जनू धाटावला कंपनीचे कामगार पोचवायचा. आठवडाभर व्हॅन रेल्वे फाटकाशी उभी राहिली की बंद पडत होती. आज दुसऱ्या शिफ्टला उशीर झाला तर दुसरी गाडी लावतो, असं ठेकेदाराने बजावलं होतं.

"तिघांनी कार्बोरेटर खोलला, मिस्त्री."

"मग चौथ्याने कशाला खोलायचा? कुठून तरी हवा घेतेय ती."

पोपटने ड्रायव्हरशेजारची सीट उलटून तिच्याखालच्या चालू इंजिनाच्या सांध्यांवर बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडलं. फट असती तर पाणी आत ओढलं जाऊन इंजिनाचा आवाज बदलला असता. आवाज तसाच अडखळत राहिला. तो कण्हत सरळ झाला.

"फाटकाशी उभा असतोस तवा पाय कुठं असतो तुझा?"

"ब्रेकवर. आणखी कुठं, डोक्यावर?"

"मग दाब."

जनूने ब्रेक दाबला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पोपटने ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला जाणारी नळी इंजिनाकडून उपसली, इंजिनाकडच्या उघड्या तोंडात बोल्ट ठोकला आणि चावी फिरवायला सांगितलं. इंजिन एका लयीत चालू झालं.

"झालं की!" जनू हसला. "ऱ्हाऊ दे बोल्ट. सुटतो मी."

"बूस्टरचा पडदा फाटलाय, ब्रेक दाबला की तिथून हवा घेतेय. पनवेलहून आणायला लागंल. आता ब्रेक दाब."

जनूने दाबला. पाय दगडावर पडल्यासारखा झाला. तो सीटवरून अर्धा उठला तेव्हा कुठे पेडल थोडं खाली गेलं.

"जुन्या गाड्यांना कुठं होता बूस्टर?"

"त्या तशाच बनवलेल्या. ही नाय. आठ माणसं भरशील, फाटकाशी थांबशील कसा?"

"तुमचं काय जातंय? लाईन माझी जातेय."

बोल्ट तसाच ठेवला असता तर जनू गेला असता, आणि त्याला घटकाभर आडवं होता आलं असतं. त्याने पक्कड घेतली आणि बोल्ट उपसला. इंजिन पुन्हा अडखळू लागलं.

जनूने शिवी दिली, चावी बंद केली आणि नाक्यावरच्या पीसीओकडे गेला. परतल्यावर तो पोपटशेजारी जुन्या टायरवर बसला.

"लावली त्याने दुसरी."

"सकाळच्या एस्टीने पनवेलला जा. पडदा आणलास की दुपारपर्यंत बसवून देतो."

"आता कसली घाई."

थोड्या वेळाने रस्त्यावरून एक जीप धाटावकडे गेली. आतल्या एका कामगाराने सवयीने जनूला हात केला. जनूनेही केला.