मोठेबाबांचा हात

माझ्या वडिलांच्या श्रद्धांजलीच्या फलकावर तीन हात होते. त्यांतले दोन वडिलांचे होते.

तिसऱ्याचं सांगायचं तर आधी पाटीचं सांगावं लागेल. हिंगणघाटला आमचं कापडाचं दुकान. नव्वद सालाच्या आसपास ते एकच होतं, बाबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं. थोरल्या काकांना आमच्याकडे मोठेबाबा म्हणतात. मोठेबाबा गज घेऊन कापड मोजायचे आणि बाबा गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. (धंदा कोणामुळे चालतो, यावर दोघांची मतं वेगळी होती.) एका दिवाळीआधी दुकानाची पाटी नव्याने रंगवायला दिली. पेंटरने डावीकडून ऐसपैस 'जानराव' लिहिलं, मग 'आणि' लिहिलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पत्रा संपत आला आहे. 'मधुकर' त्याने उरलेल्या वीतभर जागेत कोंबलं. शेवटचा र तर चौकटीवर चढला होता.

बाबा म्हणाले, "दादा, माहं नाव एवढंसं काऊन?"

मोठेबाबा म्हणाले, "लहान भाऊ हायस. नाव लहानच राहीन."

(ते गमतीने म्हणाले होते, असं मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, अजून सांगते. आमच्या घराण्यात गंमत चेहऱ्यावर दिसत नाही. पिढीजात दोष आहे.)

दोन महिन्यांनी चौकात दोन दुकानं झाली. समोरासमोर, मध्ये तीस फुटांचा रस्ता. बाबांनी आपल्या पाटीवर ठळक लिहून घेतलं, 'आमची कोठेही शाखा नाही.' आठवड्याभरात समोर झळकलं, 'जुने व मूळ दुकान.' बाबांनी पाटीवर ट्यूबलाइट लावल्या. समोर एकामागे एक पळणारे दिवे आले. बाबांनी आतून उजेड पडणारी प्लास्टिकची पाटी आणली, तर समोरच्यांनी आपली पाटी पहिल्या मजल्यावर नेली. वीज गेली की तेवढाच चौकाला विसावा! चौदा वर्षं पाट्या वाढत गेल्या, पण दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. बाबा दर दोन वर्षांनी अक्षरं मोठी करायचे आणि रोज संध्याकाळी पायरीवर उभे राहून, समोरच्या दुकानाकडे बघत मला विचारायचे, "वाचत असंन का गा थो?"

मग एका दुपारी बाबा दुकानात, गादीवर बसल्या बसल्या गेले. मोठेबाबा आले नाहीत. त्यांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि त्याखाली दोन पाय दिसत होते. तिरडी चौकातून गेली तेव्हा ते पाय हलले नाहीत. मी मडकं धरून चाललो होतो, पण बघत त्या पायांकडेच होतो.

आईने दुसऱ्याच दिवशी बजावलं, "तेरवीले मोठेबाबा आले पाह्यजे. थे आल्याबिगर मी पंगत बसू देणार नाई. तू सोता जाऊन सांग."

"जातो ना," मी म्हणालो.

आणि गेलो नाही. म्हणजे रोज निघायचो. रस्त्याच्या मध्यापर्यंत जायचो आणि तिथून पानठेल्याकडे वळायचो. आठवड्यात पानवाल्याशी माझी इतकी दोस्ती झाली की तो मला न विचारता पान लावायला लागला. (मी पान खात नाही.) घरी आई रोज विचारायची, "सांगतलं का?" मी म्हणायचो, "दुकानात गर्दी होती."

शेवटी मला युक्ती सुचली. त्या सुमारास आमच्या जिल्ह्यात डिजिटलचा नवा ताप आला होता. कापडी फलक रंगवणारे पेंटर घरी बसले होते. कम्प्युटरवर फोटो चढवला की वीस फुटांचा माणूस छापून निघायचा. पुढाऱ्याचा वाढदिवस असो की कोणाच्या नातवाचं बारसं, लोक म्हणायचे, "चौकात डिजिटल लावलं." मग घरोघर जाऊन सांगायची गरज नाही. मी ठरवलं, मोठेबाबांच्या दुकानासमोर डिजिटल लावायचं. बसल्या जागी वाचतील! तीस फुटांचा रस्ता ओलांडायचा धीर नव्हता, म्हणून मी वीस फुटांचा फलक छापायला दिला.

आता फोटो. बाबांचा एक फोटो मतदार ओळखपत्रावर होता, त्यात ते नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसायचे. हसतानाचा एकच होता, माझ्या लग्नातला, पाटीच्या भांडणाच्या आदल्या वर्षीचा. खुर्चीवर फेटा बांधलेला मी, मागे बाबा, आजूबाजूला नातेवाईक. तो मी एसटीने वर्ध्याला कम्प्युटरवाल्याकडे पाठवला आणि फोन केला.

"बाबा ठेवा. आजूबाजूचे सारे काढून टाका."

"काढतो ना भाऊ. खाली दुकानाचं नाव?"

"दिवाळीच्या जाहिरातीतलं असंन ना तुमच्याकडे? थेच टाका."

माझ्या आयुष्यात मी दिलेल्या सूचना कोणी इतक्या तंतोतंत पाळल्या नव्हत्या.

नवव्या दिवशी सकाळी डिजिटल लागलं. मी घरी होतो. माझ्या बहिणीचे यजमान, भास्कर भाऊजी, धापा टाकत आले. (बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ते मामाजी म्हणायचे.)

"दिलीप, चाल लवकर चौकात. मामाजीच्या खांद्यावर हात हाय."

"कोणाचा?"

"थेच तं सारे विचारून राह्यले!"

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. फलकावर बाबा मोकळे हसत होते, मागे ढग होते, आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंतच. पुढे माणूस नाही! कम्प्युटरवाल्याने आजूबाजूचे सारे काढले होते, पण हात बाबांवर होता म्हणून बाबांचा समजून ठेवला होता. छापून तो सुपाएवढा झाला होता. खाली तेरवीचं निमंत्रण, आणि त्याच्याही खाली, लाल पट्टीवर, दिवाळीच्या जाहिरातीतली ओळ: 'आमची कोठेही शाखा नाही.'

"यमाचा हात दिसते," कोणीतरी म्हणालं.

अल्लीपूरहून बाजाराला आलेली एक म्हातारी पुढे झाली. "कायचा यम! हा तं मोठ्या शेठचा हात. अर्धं बोट पाहा ना. माह्या लेकीच्या लग्नाचं लुगडं यानंच मोजलं."

मोठेबाबांची तर्जनी तरुणपणी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रात अर्धी गेली होती. त्या हाताने तीस वर्षं अख्ख्या तालुक्याचं कापड मोजलं होतं. बघता बघता सगळ्या चौकाने हात ओळखला. ओळखला नव्हता फक्त मी. लग्नाच्या त्या फोटोत मला आजवर मी सोडून कोणी दिसलंच नव्हतं.

"आता झाली तेरवी!" मी म्हणालो. "त्यायले वाटीन, आम्ही मुद्दाम हात तोडून लावला. वरून शाखा नाई म्हणतो!"

"घाबरू नको," भाऊजी म्हणाले. "हार घालू. हाराखाली हात झाकून जाईन."

फुलवाल्याकडचा सगळ्यात जाड हार आणला. शिडी आणली. मी वर चढलो आणि बांबूच्या टोकाला हार अडकवला. हाराने जरा विचार केला आणि तो घसरून नेमका बाबांच्या चेहऱ्यावर बसला. हात तसाच, स्वच्छ! आता फलकावर बाबा दिसतच नव्हते. फक्त एक हात होता आणि आमची कोठेही शाखा नव्हती.

"डावीकडे ओढ!" भाऊजी खालून ओरडले. "थांब, मी सुतळी आणतो!" आणि ते शिडी सोडून गेले.

मी डावीकडे वाकलो. शिडी उजवीकडे निघाली. मी बांबूला मिठी मारली, डोळे मिटले आणि मनात म्हटलं, बाबा, एकाच डिजिटलवर दोघांचं भागवू. तेवढ्यात शिडी थांबली. कोणीतरी धरली होती. मी खाली पाहिलं. शिडीच्या पायरीवर अर्ध्या बोटाचा हात होता.

"दिल्या, काय करून राह्यला?"

चौदा वर्षांनी मोठेबाबांचं माझ्याशी पहिलं वाक्य!

"काही नाई, मोठेबाबा. हात झाकून राह्यलो."

"काऊन? चोरीचा हाय काय?"

मी उतरलो. इतक्या जवळून मी त्यांना चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. डोक्यावर टोपी नव्हती आणि गालावर नऊ दिवसांची पांढरी दाढी होती. आम्ही सगळ्यांनी मिळून सुतक पाळलं होतं. समोरच्या दुकानात ते एकटेच पाळत होते, आणि आम्ही कोणी त्यांना विचारायलाही गेलो नव्हतो. माझी मलाच लाज वाटली.

"मधूची तेरवी कवा हाय?" त्यांनी विचारलं.

मी फलकाकडे बोट केलं. "लिवलं हाय ना. तुमच्यासाठीच तं इथी लावलं. समोरून वाचता यावं म्हणून."

"मले दोन वर्सांपासून दूरचं दिसत नाई," मोठेबाबा म्हणाले. "मोतीबिंदू हाय. लोकं म्हणाले, मधूच्या खांद्यावर तुमचा हात हाय. म्हणून जवळून पाहाले आलो."

बाबांची शेवटची पाटी दोन वर्षांपूर्वीचीच होती. सगळ्यात मोठ्या अक्षरांची. मला बाबांचा पायरीवरचा तो रोजचा प्रश्न आठवला. मी वाकून पाया पडलो. म्हणालो, "मोठेबाबा, तेरवीले या." एवढंच बोलायचं होतं! त्यासाठी मी नऊ दिवस, एक शिडी आणि एक हार खर्ची घातला होता.

त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. तोवर सुतळी घेऊन आलेल्या भाऊजींनी हार काढला होता.

"येतो," ते म्हणाले. "हात राहू दे. खालची ओळ तेवढी पूस."

तेरवीला ते मोठीआईला घेऊन आले. आईने डोक्यावर पदर घेतला, त्यांना पाट मांडला आणि मगच पंगत बसली. जेवणं झाल्यावर आम्ही डिजिटल उतरवून आणलं, कारण मोठेबाबांना ते घरी न्यायचं होतं. ओसरीत अंथरल्यावर ते त्याच्यावर ओणवे होऊन वीत वीत बघत सरकले. मग लग्नाचा मूळ फोटो मागून घेतला आणि डोळ्यांना चिकटवून पाहिला.

"हा तुह्या लग्नातला ना?"

"हो."

"यात तं खुर्चीवर तू हायस. डिजिटलवर काऊन नाई?"

"काढून टाकलं, मोठेबाबा. मीच सांगतलं होतं, आजूबाजूचे सारे काढा म्हणून."

मोठेबाबांनी फलकावरच्या बाबांच्या खांद्यावरून अर्धं बोट फिरवलं.

"थो कम्प्युटरवाला हुशार हाय," ते म्हणाले. "कामाचं तेवढं ठेवलं."