व्हेलचं पान आणि ठकीची गाय

जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याची एसटी समजून मी भलत्याच गाडीत बसले आणि जामसरला उतरले. या प्रवासात माझं डोकं ठिकाणावर राहणार नाही, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

कारणही विचित्रच होतं. मुलांच्या पुस्तकासाठी मी व्हेलवरचं पान लिहीत होते. काही व्हेलचे कळप दर उन्हाळ्यात ठरावीक खाडीतच जातात. पिल्लं आईमागून वाट शिकतात म्हणावं, तर कळपात नात्यातले नसलेलेही असतात. मग कुठं जायचं हे ठरवतं कोण? संपादकबाईंना एका वाक्यात उत्तर हवं होतं. खोडाळ्याला शिक्षिका असलेली माझी मैत्रीण सुनंदा म्हणाली, “व्हेलचं मला माहीत नाही. पण सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची (वस्तीवरची) माणसं मे महिन्यात गुरं घेऊन डोहावर राहायला जातात. त्यांना विचार.”

रात्री सुनंदाकडे राहून दुसऱ्या दिवशी जीपने पाड्यावर पोचले. विहिरीत तळाचे दगड दिसत होते. नागलीची (नाचणीची) भाकरी आणि सुकटीची चटणी खाताना कळलं, की डोह दोन आहेत. वरचा अर्ध्या तासावर, भरलेला. खालचा दोन तास उताराचा, आणि यंदा आटत आलेला. तरी उद्या सगळे खालच्यावर निघणार होते.

“का?” मी झिपरकाकांना विचारलं.

“जानीआते ठरवं. ती सगल्यांत जुनी.”

जानीआते हसली. “मी कसली ठरवतंय? बाया चालतात, मी मागं मागं.”

बायका म्हणाल्या, “गुरांना तीच वाट ठावं. ती उतरतात, आमी उतरतो.”

गुरांना मी विचारू शकत नव्हते. वहीत तीन बाण काढले, तिसरा गुरांपाशी येऊन अडकला.

वेगळी होती ती फक्त ठकी. तिची एकुलती एक गाय, तीही पहिल्या वेताची, दिवस भरलेली. एवढा उतार गायीला झेपणार नाही म्हणून ती वरच्या डोहावर एकटी जाणार होती. कुणी रागावलं नाही. मला बरं वाटलं, कुणीतरी विचार करून ठरवतंय म्हणून.

सकाळी ठकी वरच्या वाटेला लागली. पन्नासेक पावलं गेली, थांबली आणि गाय वळवून आमच्या मागं आली.

“ठकीताई, पाणी तर तिकडे आहे ना?”

“पानी हाय. मानूस नाय. गाय अडली तं वढंल कोन?”

अर्ध्या उतारावर माझी चप्पल तुटली आणि तिथंच, मोहाच्या झाडाखाली, गाय बसली. वासराचे पाय दिसत होते, पण ते पुढे सरकेना. मला भीती वाटत होती आणि काय करावं ते कळत नव्हतं. झिपरकाकांनी दोरी बांधली, पाच-सहा जण मिळून गायीला कळ येईल तसं ओढू लागले. जानीआते गायीच्या कानाशी बसून राहिली. वासरू बाहेर आलं तेव्हा ठकी मटकन खाली बसली आणि रडली. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं.

गाय मात्र उठेना. मग सगळ्यांनी तिथंच चुली मांडल्या. बायका वरच्या डोहाचं पाणी आणत, पुरुष गुरं खाली पाजून परत आणत. माझ्या वहीत ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असे दोनच रकाने होते, आम्ही कुठल्याच रकान्यात बसत नव्हतो. तिसऱ्या दिवशी गाय उभी राहिली. तरी कुणी हललं नाही.

निघताना मी विचारलं, “आते, पुढच्या वर्षी कुठल्या डोहावर?”

तिनं मोहाकडे हात केला. “हठंच.”

“पण इथं तर पाणीच नाही.”

“नाय,” ती शांतपणे म्हणाली. “पन हठं राहलो ना आमी.”

परतीच्या एसटीत, या वेळी पाटी दोनदा वाचून बसले होते, वही उघडली. कधी काळी एखादी व्हेल पिल्लापायी एखाद्या खाडीत थांबली असेल आणि मग कळप तिथंच येत राहिला असेल का? मला माहीत नाही. संपादकबाईंना काय सांगायचं, तेही नाही. घर जवळ आल्यावर एकदम आठवलं, की खालच्या डोहावर पहिल्यांदा कुणाची गाय व्याली होती, हे विचारायचं राहूनच गेलं.