चढावरची मालगाडी आणि भावाचा फोटो

डिझेल इंजिनाचे फोटो काढायला आता पोरं मोबाईल घेऊन रुळाच्या कडेला उभी असतात. इंजिन येतं, जातं, फोटो निघतो. त्यांच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही. नशीब त्यांचं. एकोणीसशे पन्नास सालानंतर मी माजरीच्या बाजूला रुळावर मजुरी करत होतो. इंजिनं तेव्हा कोळशाची होती, आणि एका मालगाडीच्या फोटोनं माझं डोकं पिकवलं.

फोटो हौसेचा नव्हता. माझा मोठा भाऊ त्या इंजिनावर कोळसा झोकायच्या कामाला होता. आमचं घर जंगलातल्या गावी, तलावात जाळं टाकून जगणारं. जाळं सोडून तो रेल्वेत गेला तेव्हापासून माय त्याच्याशी बोलत नव्हती. "गाडीत बसून फिरते अन् पगार घेते," असं गावभर सांगायची. भट्टीपुढं उभं राहून तो दिवसभर फावडं मारतो, हे मी किती वेळा सांगितलं. पटेचना. मग म्हटलं, हिला डोळ्यानंच दाखवतो.

चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदा म्हणायचो. तिथल्या एका फोटोवाल्याच्या दुकानाच्या छपराचे कवेलू मी फेरून दिले होते, म्हणून त्यानं डब्यासारखा कॅमेरा दोन दिवसांसाठी दिला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

"हलत्या गाडीचा फोटो येत नाई भाऊ," तो म्हणाला. "उभी करून काढ."

"उभ्या गाडीत काम कुठी दिसते?" मी म्हटलं, आणि निघालो.

मला एक चढ माहीत होता. खाणीतून भरून आलेली गाडी तिथं बैलबंडीच्या चालीनं वर यायची, धूर ओकत. भावाला आधी सांगणं भाग होतं, नाहीतर तो इंजिनाच्या पलीकडच्या दारात असता. "तू फक्त फावडं मारत राह्य," एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी मी चढावर उभा. गाडी आली, धापा टाकत, अगदी मला हवी तशी. मी कॅमेरा पोटाशी धरला. आणि माझ्यासमोर येऊन गाडी थांबली.

डायवर खाली उतरला. अंगात धुतलेला कोट.

"काऊन थांबवली?" मी ओरडलो.

"फोटो काढून राह्यला ना तू? मंग हलता हलता काढतोस का बाबू? आमचे चेहरे येतील का?"

तेवढ्यात भाऊ उतरला. इंजिनाच्या गरम पाण्यानं तोंड धुतलेलं, भांग पाडलेला. कोळशाचा एक ठिपका अंगावर नाही. नवरदेव दिसत होता. मायनं हे पाहिलं असतं तर माझं बोलणंच खुंटलं असतं.

"दादा, फावडं कुठी हाय तुयं?"

"फोटोत फावडं कायले? माय पाह्यल ना."

मागच्या डब्यातून गार्ड चालत आला. शिव्या द्यायलाच आला होता. फोटोचं कळल्यावर बटणं लावून डायवरशेजारी उभा राहिला. तिघं ओळीनं उभे, श्वास धरून. मी काही बटण दाबलं नाही.

"गाडी चालवा, मंगच काढतो."

"म्हणजे तुले माणूस नको, लोखंड पायजे," डायवर म्हणाला, आणि रागानं वर चढला.

आता गाडी हलेना. भरलेले डबे आणि चढ. चाकं जागच्या जागी गरगरत होती. गार्ड माझ्या नावानं बोटं मोडत मागं गेला. चाकं घसरू नयेत म्हणून मी दोन्ही रुळांवर वाळू टाकत पुढं, घामानं ओला. शेवटी डायवरनं गाडी उतारावर मागं नेली आणि वाफ चढवायला सांगितली. तेव्हा कुठं भावानं फावडं उचललं. थोड्याच वेळात त्याचं तोंड पुन्हा काळं, बनियन अंगाला चिकटलेलं. मी धावत जागेवर गेलो. गाडी वर आली. धुराचा डोंगर, भाऊ भट्टीकडं वाकलेला. मी बटण दाबायला आणि त्यानं मला बघायला एकच गाठ पडली. फावडं टाकून हा ताठ उभा, हात मांड्यांना लावून.

फोटो घेऊन गावी गेलो. मायनं तो दाराच्या उजेडात धरला.

"हा तर उभाच हाय."

"फावडं मारत होता वं माय. हा धूर त्याचाच हाय ना."

"धूर इंजिनाचा हाय. तो उभा हाय." बराच वेळ बघत राहिली. "थोबाड कायनं इतकं काळं झालं याचं? गालं बसले. जेवाले देतेत का नाई तिथी?"

निघताना तिनं वाळवलेल्या मासोळ्यांचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं. "बसून खाणाऱ्याले ने," म्हणाली. "अन् पोळ्याले येजो म्हणा."

गाठोडं भावाला दिलं, निरोप सांगितला. तो गाठ सोडून वास घेत बसला. मग विचारतो कसा, "फोटोत कसा दिसलो?"

"उभा दिसला."

"टोपी घालाले पायजे होती," तो म्हणाला.