आफ्रिकेतली निवडणूक आणि शेजारच्या खाला

बोर्ली पंचतन या गावी मी राहायला आले तेव्हा लोक विचारायचे, काय करता? मी सांगायचे, आफ्रिकेतल्या देशांचं राजकारण आणि त्यांचे परराष्ट्र संबंध यांवर लिहिते. कुठल्या ऑफिसात? कुठल्याच नाही, स्वतंत्रपणे. मग समोरचा मान डोलवायचा आणि पुढे सगळ्यांना सांगायचा की बाई घरीच असतात. मला त्याचा भारी राग यायचा.

माझं काम मनावर घेतलं ते मागच्या आळीतल्या खालांनी; खाला म्हणजे मावशी, सगळे त्यांना तशीच हाक मारायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा पूर्व आफ्रिकेतल्या एका बंदराच्या शहरात, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला होता. दुपारी सोलायला वाल घेऊन खाला माझ्या टेबलाशेजारी बसायच्या आणि त्याचा फोन आला की स्पीकर लावायच्या. तिथे मक्याचं पीठ किती महागलं, बंदरातले कामगार संपावर गेले का, चौकात कुणाचे झेंडे वाढले, हे सगळं मला घरबसल्या कळायचं. दिल्लीतल्या अभ्यासकांच्या आधी मला कळतं म्हणून मी जरा मिरवूनही घेतलं. त्या दुपारींची आजही फार आठवण येते. इतकं मन लावून मी नंतर कधी काम केलं नाही.

मग त्या देशात निवडणूक आली. आधीच्या एका निवडणुकीत तिथे दुकानं जाळली होती. मी तीन आठवडे खपून टिपण लिहिलं: या खेपेला मतदान शांततेत होईल. ते इंटरनेटवर टाकलं त्याच दिवशी खाला आल्या.

"बाय, तू त्या मुलखाचं लिवतेस. सांग, पोराला बोलवू का न्हाय? मालक बोलतो, आता गेलास तर परत येव नको."

मी सैन्य, विरोधी पक्ष, शेजारच्या देशांचा दबाव असं सगळं सांगायला लागले. खालांनी मला मध्येच थांबवलं.

"ते समदं ऱ्हाव दे. तुजा पोरगा असता तर?"

"बोलवून घ्या," मी म्हटलं. टिपणाचं नावही काढलं नाही.

खालांनी माझं नाव सांगून फोन केला आणि मुलगा आला. मतदान शांततेत पार पडलं, अगदी मी लिहिलं होतं तसंच. दिल्लीहून एकाने अभिनंदनाची मेल पाठवली. तिकडे मालकाने दुसरा माणूस ठेवला.

आठवड्याभराने खालांचा मुलगा मोबाइलवर माझं टिपण उघडून दारात उभा राहिला. मागोमाग खाला होत्या.

"इथं लिहिलंय काही होणार नाही. मग आईला मला बोलवायला का सांगितलंत?"

खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, "लिहिताना तू माझ्यासमोर नव्हतास. सांगताना तुझी आई समोर होती." मला स्वतःची लाज वाटत होती.

तो आणखी काही बोलणार होता, पण खालांनी त्याला अडवलं. "तिला कशाला बोलतोस? चार वर्सं मी बोलवतेय, एकदा तरी आलास? हिनं सांगितलं म्हणून आलास. मी पोटभर बघितला तुला."

त्याने मोबाइल खिशात घातला. दोन महिन्यांनी आखातातली नोकरी धरून तो पुन्हा गेला. त्याला जाऊ देऊ का, असं खालांनी या वेळी मला विचारलं नाही.