कुई आणि हुंकार

गाडी सुरू केली की कुई यायची. स्पीकरमधून, बारीक आणि चिकट. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वर चढायची, पाय काढला की खाली उतरायची. बायको म्हणायची, "मला नाही येत ऐकू. तुमच्याच डोक्यात वाजत असेल काहीतरी." ऐकू तिलाही यायचं, पण ती माझ्यासारखी एखाद्या गोष्टीच्या हात धुऊन मागं लागत नाही. मी लागतो. मोरीतला नळ टपकत असला तर मला घास उतरत नाही. आणि ही कुई तर साक्षात वडिलांच्या आवाजात घुसली होती.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज एका कॅसेटवर आहे, दुसरीकडं कुठंही नाही. घरात नवा टेपरेकॉर्डर आला होता, तेव्हा एका दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी हौसेनं लाल बटण दाबलं आणि आईला एक गोष्ट सांगितली. तीच ही कॅसेट. गावाकडं पत्र्याच्या पेटीत ती सापडली आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला, कारण नेमके त्याच सुमारास आईचे कान जायला लागले होते. इथं शहरात उस्मानपुऱ्यातले कानाचे डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज आधी जातात. मोठे मागून." मशीन लावायला आई तयार नाही. "कानात किडा शिरल्यागत व्हतंय," म्हणते. म्हणजे जे ऐकवायचं ते तिला ऐकू येतंय तोवरच ऐकवायला हवं होतं, आणि ते 'तोवर' किती, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

मी त्यासाठी गाडी निवडली. घरात पंखा, टीव्ही, कुकर, खाली शाळेच्या रिक्षांचा गोंधळ. काचा वर केल्यावर गाडीएवढी शांत खोली आमच्याकडं दुसरी नाही. शिवाय गंगापूरच्या पुढं आमचं गाव आहे, तिथून आईला डॉक्टरांकडं आणणं-सोडणं माझ्याकडंच होतं. माळ्यावरून जुना वॉकमन काढला. त्यातले सेल गळून स्प्रिंगा गंजल्या होत्या, म्हणून तो गाडीच्या चार्जरवर जोडला. त्याच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर स्टिरिओच्या ऑक्समध्ये खुपसली. दादा बोलायला लागले, आणि त्यांच्याबरोबर कुईसुद्धा. गावाच्या वाटेवर वाळूजपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग रागारागानं बटण दाबून बंद केलं.

"काय म्हणत व्हते?" आईनं विचारलं. कुईच्या पलीकडचं तिला काहीच कळलं नव्हतं.

आठवडाभर बायकोला शेजारी बसवून वायर हलवून बघितली, कुई जाईना. मग औरंगपुऱ्यातलं गाड्यांच्या स्टिरिओचं एक दुकान गाठलं. गाडी लावायला जागा नाही, मागून हॉर्न, माझं टाळकं आधीच सरकलेलं. दुकानदार मात्र निवांत आणि बोलघेवडा. माझी वायर चिमटीत धरून उंदराची शेपटी दाखवावी तशी त्यानं मला दाखवली.

"देखो साब, ये अ‍ॅनालॉग है. इसमें आवाज करंट बनके जाता, जैसा का वैसा. उसीमें इंजन का करंट घुसरा. डिजिटल में क्या जाता? खाली आकडे. एक-शून्य, एक-शून्य. आकडों में कायकी कुई?"

मला ते लगेच पटलं. मला हवं तेच कुणी बोललं की मला नेहमीच लगेच पटतं. नवा ब्लूटूथवाला स्टिरिओ बसवून घेतला. कॅसेटही त्यानंच कॉम्प्युटरवर उतरवून तिची फाइल मोबाइलमध्ये टाकून दिली. वर आपल्या मनानं आणखी एक उपकार केला. "साफ भी कर दिया साब. सरसर, खरखर, सब निकाला. जो हलका है वो कचराच है ना." मी त्याला मनापासून थँक्यू म्हणालो.

पुढच्या खेपेला आई शेजारी बसली, मी मोबाइल जोडला आणि दादा बोलले. कुई नाही, खरखर नाही. मागच्या सीटवर बसून बोलावं इतकं स्वच्छ. गोष्ट ते आईलाच बघायला गेले होते त्याची. गंगापुराहून जीपमध्ये कोंबून निघाले. शेजारी कुणाची तरी बकरी. तिनं वाटेत त्यांच्या नव्याकोऱ्या टोपीचा काठ खाल्ला. मग खाल्लेली बाजू मागं करून टोपी घातली, तर पोरीकडचे पाव्हणे वाटेत त्याच जीपमध्ये चढून नेमके पाठीमागं बसायला आले. मी स्टिअरिंगवर हात आपटून हसत होतो. दादा पोरीच्या दारात पोचले, "आन आतून ही पाण्याचा तांब्या घिऊन आली," म्हणाले आणि थांबले. फाइल संपली.

मी आईकडं बघितलं. माझी अपेक्षा होती की ती रडेल, निदान हसेल. तिच्या कपाळावर आठी होती.

"हे कुणाला सांगायलेत?"

"तुलाच की."

"मग मी कुठंय?"

मला कळेना. ती वैतागली. "आरं, माझा हुंकार कुठंय? हुंकार नसताना माणूस गोष्ट सांगतंय व्हय? भिंतीसंगं बोलल्यावानी लागायलंय."

बरोबर होतं तिचं. आमच्याकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हं' म्हणायचं असतं. तो हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, पुढं जात नाही. लहानपणी मी हुंकार द्यायला विसरलो की दादा गप्प बसायचे आणि माझ्याकडं बघत राहायचे. आईचा हुंकार टेपरेकॉर्डरपासून लांब, खालच्या आवाजात असणार. तो दुकानदारानं कचऱ्यात काढला होता.

"आन अर्धी गोष्ट टाकणारं माणूस नव्हतं ते," आई काचेबाहेर बघत म्हणाली. "मी तांब्या घिऊन आले, मग? मला बघून त्यांला काय वाटलं, लई डाव इचारलं मी. नुस्ते हसायचे. टेपात बोलले असतील म्हणून तं आयकायला आले."

एवढं लांबलचक ती कधी बोलत नाही. मी म्हणालो, "टेप संपली असेल." घरी येऊन कॅसेट उजेडात धरली. टेप संपली नव्हती. अर्ध्याहून जास्त गुंडाळी शिल्लक होती.

त्यानंतर मला चैन नव्हतं. ऑफिसात फाइल समोर उघडी, डोक्यात तांब्या. दादा पुढं हळू आवाजात काही बोलले असतील आणि मीच ते साफ करून घेतलं असेल, या विचारानं मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. वॉकमन लावून एकट्यानं आधी ऐकायचं हेही मनात आलं. पण ते बोलणं आईसाठी होतं, तिच्याआधी ऐकायचा धीर झाला नाही. डॉक्टरांची पुढची वेळ आली. त्यांनी कान तपासले, मान हलवली, आधीपेक्षा कमी झालंय म्हणाले.

परतताना पुन्हा वॉकमन, पुन्हा चार्जर, पुन्हा ती वायर. नव्या स्टिरिओलाही ऑक्सचं भोक होतं. कुई आली. मी हळू चालवून बघितलं, जोरात चालवून बघितलं, वायर पिळली, चार्जर ठोकला, दुकानदाराला आणि स्वतःला शिव्या घातल्या. आई मान पुढं काढून ऐकायचा प्रयत्न करत होती आणि तिला काही कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, रागानंच.

"आरं," ती म्हणाली, "ती गाडी बंद कर की."

इंजिन बंद केलं तर कुई जाईल हे मला एकदाही सुचलं नव्हतं. थांबणं मला सुचतच नाही. उसाच्या कडेला लिंबाखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं, स्टिरिओपुरती किल्ली फिरवून ठेवली. कॅसेट मागं नेली. आवाज पूर्ण वाढवला.

आधी नुसती सरसर. मग दादा. आणि त्यांच्या पहिल्या वाक्यापाठोपाठ त्या सरसरीतून बारीकसं 'हं'.

आई ताठ बसली. "मी हाय ती."

जीप निघाली, हं. बकरी चढली, हं. टोपीचा काठ गेला तेव्हा तर खुदकन हसण्याचा आवाजही होता. आई आत्ताही तिथंच हसली. मग हुंकार लांबायला लागले. दुपारची वेळ, सकाळपासून राबलेली बाई, जेवण झालेलं. पाव्हण्यांच्या वेळचा हुंकार उशिरा आला, दाराच्या वेळचा अर्धाच आला.

"आन आतून ही पाण्याचा तांब्या घिऊन आली," दादा म्हणाले.

हुंकार आला नाही. दादा वाट बघत राहिले. टेप सरसरत होती. मग कुणाची झोप मोडू नये अशा आवाजात ते म्हणाले, "निजली व्हय गं?" आणि बटण दाबल्याचा खट्ट आवाज आला.

इतकं हळू आईला ऐकू आलं की नाही ते मला कळेना. विचारायचीही भीती वाटली. ती डोक्यावरचा पदर सावरून स्टिरिओकडं वाकली.

"नाय ओ," ती म्हणाली. "जागी हाय. सांगा."

पुढची टेप कोरी होती. ती संपेपर्यंत आई थोड्या थोड्या वेळानं 'हं' म्हणत राहिली.